चाळीस दिवसांची उधारी

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भांडवल कोठून आले याचा शोध घेताना कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात हात धुऊन घेतलेल्या शेटसावकारांची नावे दिली, यंत्रे विलायतेहून कशी आली ते सांगितले, कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी कशी उभारली आणि ताडदेवला तिची चाके कशी फिरू लागली याची हकीकत नोंदवली, आणि मजूर कोठून आला या प्रश्नाला रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशी जिल्ह्यांची नावे सांगून ते मोकळे झाले. हा मजूर जेवला कोठे, आणि ज्या दिवशी जेवला त्या दिवशी त्याच्या खिशात दमडी नसताना ते अन्न कोणाच्या पैशाने शिजले, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही. त्याचे उत्तर लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव आणि शिवडी येथील चाळींच्या एकेका खोलीत होते. तेथे एक बाई भल्या पहाटे चूल पेटवीत असे. कोणी तिला काकी म्हणे, कोणी मावशी, कोणी आक्का. धंद्याच्या नात्याने ती खाणावळवाली.

कोणा एकीचे चरित्र सांगण्याचा येथे हेतू नाही. ज्यांच्यामागे चरित्राची साधने उरावीत अशा या बायका नव्हत्या. त्यांचे फोटो क्वचित निघाले, त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या, आणि शिरगणतीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे बहुधा घरकाम एवढेच लिहिले गेले. तथापि या भागातल्या, म्हणजे गिरणगावातल्या, शेकडो जणींच्या आयुष्यातून एकच वाट गेलेली आढळते, आणि त्या वाटेने लग्नापासून म्हातारपणापर्यंत चालत गेले म्हणजे एका स्त्रीने स्वतःचे कुटुंब आणि त्याच्या भोवती वीसपंचवीस परक्या पुरुषांचे दुसरे कुटुंब चार-पाच दशके कसे पोसले, ते ध्यानी येते.

मुंबई हे त्या काळी पुरुषांचे शहर होते. १९११ च्या शिरगणतीत शहराच्या सुमारे पावणेदहा लाख वस्तीपैकी दोन लाखांहून अधिक माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, आणि १९२१ साली शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ५२५ होत्या. याचा सरळ अर्थ असा की गिरणीत राबणारा गडी बायकामुले गावी ठेवून येई, गावकऱ्यांच्या खोलीत एक ट्रंक आणि एक वळकटी एवढ्या जागेचा तो धनी असे, आणि पाळी बदलली की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी पसरे. अशा खोलीत चूल मांडायला जागा नव्हती, आणि बारा-बारा तासांच्या कामानंतर भाकरी थापण्याचे बळ कोणाच्या हातात उरत नसे. म्हणून ज्याची बायको मुंबईत होती अशा एखाद्या गाववाल्याच्या घरी ही माणसे जेवू लागली. खाणावळीचा उगम हा असा आहे. धंदा म्हणून तो बहुधा कोणी ठरवून काढला नाही. नवरा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कायम झाला म्हणून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी राजापूर किंवा पाटण तालुक्यातून मुंबईस आली, पहिल्या महिन्यात दिराचे ताट वाढले, दुसऱ्या महिन्यात चुलतदिराचे, वर्षभरात वाडीतल्या चौघांचे, आणि मग ताटे मोजण्याची वेळ आली तेव्हा घराची खाणावळ झाल्याचे तिच्या लक्षात आले.

या धंद्यात येण्याची दुसरी वाट याहून कष्टाची होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक या प्रमाणात स्त्रिया होत्या, आणि त्या मुख्यत्वे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. पुढे काटकसरीच्या नावाखाली खात्यांची फेरमांडणी झाली, नवी यंत्रे आली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला तेव्हा त्या रजेचा खर्च नको म्हणून बायका कामावर घेणेच नको, असा हिशेब पुष्कळ मालकांनी मांडला. स्त्रियांच्या हिताचे कायदे करावेत आणि त्यांचे ओझे एकट्या स्त्रियांच्या रोजगारावर पडू द्यावे, हा अन्याय त्या काळी फार थोड्यांना दिसला. कामावरून कमी झालेल्या या बायका, आणि त्यांच्याबरोबर क्षयाने नवरा गेलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या अशा कितीतरी जणी, ज्या गिरणीच्या आत त्यांना जागा उरली नव्हती तिच्याच कामगारांना जेवू घालून पोटाला मिळवू लागल्या.

खोलीचे माप सांगितल्यावाचून या कामाची कल्पना येणार नाही. इलाख्याच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. इतक्या जागेत एका भिंतीशी चूल आणि मोरी, दुसऱ्या भिंतीशी फळीवर पितळेची भांडी, छताखाली पोटमाळा, त्यावर धान्याची पोती आणि लाकडे किंवा कोळसा; उरलेल्या फरशीवर सकाळी पंगत, दुपारी पंगत, रात्री पंगत, आणि मध्यरात्रीनंतर तिच्या स्वतःच्या मुलाबाळांची अंथरुणे. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. गिरणीचा भोंगा तिच्या घड्याळाचे काम करी. जो पाळीवर निघाला त्याला जेवण, जो पाळीवरून आला त्याला जेवण, आणि जो मधल्या सुटीत बाहेर येऊ शकत नाही त्याचा डबा, असा हा दिवस एका टोकाला संपण्याआधी दुसऱ्या टोकाला सुरू होई.

तिची भाकरी थापण्याची रीत पाहण्यासारखी असे. परातीत ऊन पाण्याने मळलेला गोळा, त्याखाली भुरभुरलेले पीठ, आणि उजव्या हाताच्या बोटांनी कडेकडेने दाब देत गोळा फिरवायचा, की बघता बघता तो तव्याएवढा वाटोळा होई; पीठ लागलेली बाजू वर येईल अशी ती भाकरी तव्यावर पडे, ओल्या हाताने तिच्यावरून पाणी फिरे, पाणी आटताच ती उलटे, आणि अखेर तवा बाजूला सारून निखाऱ्यावर टम्म फुगे. एक तव्यावर, एक निखाऱ्यावर, एक परातीत अशा तीन भाकऱ्या तिच्या हाताखाली एकाच वेळी असत, आणि त्याच वेळी पंगतीत कोणाची वाटी रिकामी झाली ते पाठ न वळवता तिला कळे. कोणाला दोन भाकऱ्या पुरतात, कोणाला चार लागतात, कोण साताऱ्याकडचा म्हणून ज्वारी-बाजरी आणि झणझणीत कालवण मागतो, कोण कोकणातला म्हणून भात आणि माशाच्या कढीवाचून अर्धपोटी उठतो, कोणाच्या पोटात कळ येते म्हणून त्याच्यापुरती आमटी बिनतिखटाची काढून ठेवायची, हे सारे तिला मुखोद्गत असे. मासे महाग झाले की सुकटीवर किंवा बोंबलावर भागवायचे, आणि रविवारी मात्र मटणाचा वास जिन्यापर्यंत गेलाच पाहिजे, हा बहुतेक खाणावळींचा अलिखित शिरस्ता होता. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग आले तेव्हा मोजून मिळणाऱ्या धान्यात इतक्या तोंडांची पंगत निभावण्याचे काम तिच्यावरच येऊन पडले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती सांगतो. कामगार महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जेवू लागे. पगार त्या महिन्याचा पुढल्या महिन्यात होई. १९३६ च्या वेतन कायद्याने हजार किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला पगार वाटण्यास महिना संपल्यावर दहा दिवसांची मुदत दिली, आणि गिरण्या बहुतेक हजारांहून मोठ्या असल्याने गिरणगावाचा पगार दहा तारखेच्या सुमारास ठरून गेला. म्हणजे एक तारखेला वाढलेल्या ताटाचे पैसे चाळीस दिवसांनी हाती येत. वीस माणसे जेवतात आणि माणशी महिना ६० रुपये ठरले आहेत असे धरले, तर दररोज ४० रुपयांचे अन्न पंगतीत उठते आणि दहा तारखेच्या आदल्या दिवशी त्या बाईचे १,६०० रुपये लोकांकडे अडकलेले असतात. हे १,६०० रुपये तिने कोठून आणायचे? वाण्याकडे धान्याची उधारी, कोळसेवाल्याकडे उधारी, आणि त्यातून भागले नाही की मंगळसूत्रातले मणी, पाटल्या, नाहीतर पितळेचे हंडे सावकाराकडे तारण. १९३१ साली मजुरांविषयीच्या शाही आयोगाने आपल्या अहवालात दर रुपयाला दरमहा एक आणा हा कर्जाचा सर्रास चालणारा दर नोंदवला आहे. वर्षाकाठी तो शेकडा ७५ होतो. या दराने १,६०० रुपयांचे महिन्याचे नुसते व्याज १०० रुपये झाले, आणि १,२०० रुपयांच्या जमेतून धान्य, तेल, मिरची, सरपण, खोलीभाडे वजा करून जे थोडे उरायचे त्यातलेच ते शंभर जात. म्हणून रात्री एकपर्यंत राबूनही ती जन्मभर कर्जातच राहिली.

गिरणीमालकाला या व्यवस्थेचा केवढा लाभ झाला याचा विचार करावा. मजुराचे श्रम तो आज घेत होता आणि त्याचे मोल पुढच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी देत होता. मधल्या काळात त्या मजुराला उभे ठेवण्याचा खर्च एका चाळीतली बाई शेकडा ७५ व्याजाने पैसे काढून करीत होती. कापडाच्या प्रत्येक ताग्यात तिने बिनव्याजी लावलेले भांडवल विणलेले होते, असे मी म्हणतो ते भावनेच्या भरात नव्हे. जमाखर्चाच्या दोन बाजू मांडल्या तर कोणाही कारकुनाला ते पटेल.

अक्षरओळख नसलेल्या अनेकजणी हा हिशेब कोळशाने भिंतीवर ओढलेल्या रेघांनी ठेवीत: खाड्याच्या दिवशी रेघ नाही, पाहुणा आणला तर जादा रेघ. ज्यांची मुले शाळेत जात त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची वही असे आणि रात्री मुलगा आईच्या तोंडून ऐकून नावे लिही. पगाराच्या दिवशी मात्र वहीवर विसंबून भागत नसे. त्या संध्याकाळी गिरणीच्या दरवाजाबाहेर एका बाजूला व्याजाने पैसे देणारा पठाण काठी टेकून उभा, दुसऱ्या बाजूला दारूचा गुत्ता बोलावतोय, आणि या दोहोंच्या मधून आपला माणूस आपल्यापर्यंत पोहोचावा म्हणून खाणावळवालीही तेथे येऊन थांबे. बदली कामगाराची गोष्ट आणखी अवघड. महिन्यात त्याला काम दहा दिवस मिळे, भूक मात्र तीसही दिवस लागे. तो खालमानेने म्हणे, “काकी, पगार झालो की देतंय.” आणि उत्तर यायचे ते बहुधा ताट सरकवतच: “आदी जेव, मगे बोल.” वर्षानुवर्षे थकलेली अशी कितीतरी खाती तिने बुडीत धरली, आणि त्या माणसाला दारातून परत लावले नाही.

गिरणगावातल्या या घराची खरी कर्ती तीच होती. भाडेपावती नवऱ्याच्या नावाची, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख नवरा, पण घरातल्या पैशाचा कारभार तिच्या कमरेच्या पिशवीतून चाले. जेवणारे आपला उरलेला पगार तिच्याच हवाली करीत, आणि गावी मनीऑर्डर करण्याची आठवण तीच देई. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरते आहे, कोणाचा पाय वाईट वस्तीकडे वळला आहे, हे तिला त्यांच्या आप्तांआधी कळे. दारू पिऊन पंगतीला बसलेल्याला ती एकदा सोडी. दुसऱ्यांदा तो आला तर भरल्या पंगतीतून उठवी, आणि त्याने उलट शब्द काढल्याचे ऐकिवात नाही. आजारी पडलेल्याला खोलीच्या कोपऱ्यात पेज मिळे. गावाहून नवा पोर आला की त्याला मजुरांची भरती करणाऱ्या जॉबरापुढे उभा करण्याची खटपट करणारीही तीच, कारण जॉबर स्वतः तिच्याकडे जेवलेला असे.

आदराच्या भरात या घराची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला मान्य नाही. खाणावळी जातीजातींच्या आणि प्रांताप्रांतांच्या होत्या. साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरू दिले जात नव्हते, धाग्याला तोंड लावावे लागते ही त्याची सबब होती. तोच विटाळ खाणावळीच्या उंबरठ्यापाशीही उभा असे, आणि दलित कामगारांच्या खाणावळी वेगळ्या होत्या. चुलीपुढच्या कष्टांची वाटणीही न्यायाची नव्हती. मुलगा वही लिहिण्यापुरता का होईना शिके. मुलीची शाळा मात्र दोन हात कमी पडतात म्हणून चौथीतच सुटे. आणि सून आली की सासूने ज्या धुरात आपले डोळे घालवले त्याच धुरापुढे तिला बसवले जाई. घराचा दरारा वाढत गेला तसा या सुनांचा आवाज बारीक होत गेला. हे सारे खरे आहे, आणि या सुना पुढे स्वतः कर्त्या झाल्या तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींनी आपल्या मुलींना मॅट्रिकपर्यंत हट्टाने शिकवले, हेही तितकेच खरे आहे.

संपाच्या दिवसांत या बाईचे मोल उघड होई. १९२८ च्या संपात गिरण्या सुमारे सहा महिने थंड होत्या. १९५० साली बोनससाठी ६३ दिवस. १९७४ साली ४२ दिवस. संपात पगार नसतो, पण पंगत असते. सभा मैदानात होत, वाटाघाटी सचिवालयात होत, आणि संप किती दिवस टिकणार याचा निकाल मात्र वाणी खाणावळवालीला आणखी किती दिवस धान्य देतो यावर लागे. कामगार चळवळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे १९७४ च्या संपात जवळून पाहिले. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेली आणि त्यात जखमी झालेली ही बाई. गिरणगावातील घरे तिला आतून माहीत होती. जे कामगार आपल्या मागण्यांसाठी लढतात त्यांना लढ्याच्या काळात जगवणाऱ्या या बायकांची स्वतःची मागणी कोणीच का मांडत नाही, या प्रश्नातून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

काळ त्या कामाला अनुकूल होता. १९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ पासून दुर्बल वर्गासाठी शेकडा ४ व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली होती. दुष्काळाने आणि महागाईने शहर पोळले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, आणि आपण एकत्र आलो तर सरकारला ऐकावे लागते, हे चाळीतल्या बाईने डोळ्यांनी पाहिले होते. तरी बँकेची पायरी चढणे सोपे नव्हते. तारण काय? काही नाही. जामीन कोण? कोणी नाही. सही? अंगठा. नवऱ्याची संमती? तो असेल तर. दप्तराच्या दृष्टीने हा अर्ज पहिल्याच ओळीत नामंजूर होण्याजोगा होता. त्यावर मंडळाने जो तोडगा काढला तो चाळीच्या जीवनातूनच आला होता: एकेका भागातल्या बायकांचा गट करावा आणि त्यांनी एकमेकींना जामीन राहावे. पहिल्या चौदा जणींना अशा रीतीने प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळाले.

वर मांडलेल्या हिशेबातील १,६०० रुपये वाचकांनी येथे आठवावेत. जी रक्कम दर महिन्याला तिच्या जेवणाऱ्यांकडे अडकून पडत होती आणि जिच्यापायी सावकार तिच्या घरात येऊन बसला होता, जवळजवळ तेवढीच ही रक्कम होती. आणि शेकडा चारच्या दराने १,६०० रुपयांचे वर्षाचे व्याज ६४ रुपये, म्हणजे महिन्याला साडेपाच रुपयांच्याही आत. शंभराच्या जागी साडेपाच. पहिल्या वर्षात अनेकींनी हे पैसे जुने देणे फेडण्यात घातले, तारण सोडवून आणले, वाण्याकडून उधारीच्या भावाऐवजी रोखीच्या भावाने पोते घेतले, आणि आपल्या कामात कधीकाळी नफाही असतो हे त्यांना प्रथमच कळले. हप्ते त्या चोख फेडीत. एकीचा हप्ता थकला तर गटातल्या बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसत, आणि घरात खरोखरच आजारपण निघाले तर आपसांत भरूनही देत. चौदांच्या शेकडो आणि शेकडोंच्या हजारो झाल्या. पुढे मंडळाने दादरला आणि वाशीला केंद्रे उभारली, पतसंस्था काढली, मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याचे काम घेतले. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. मला त्या सन्मानाहून मोठी वाटते ती बँकेच्या पासबुकावर स्वतःचे नाव आणि स्वतःचा फोटो प्रथमच पाहणाऱ्या पन्नाशीच्या बाईची स्थिती. तिच्या नावे सरकारमान्य असा कागद तोवर दुसरा नव्हता.

मंडळ उभे राहिल्यावर सात-आठ वर्षांत हे सारे मुळासकट हलले. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. खाणावळींनी प्रथेप्रमाणे जेवण चालू ठेवले. एक महिना गेला, तीन गेले, पावसाळा आला. माणसे ट्रंका उचलून गावी जाऊ लागली, जाताना वहीतला आकडा बघून “पुढल्या पगाराला देतो” म्हणत होती, आणि तो पुढला पगार बहुतेकांच्या नशिबी आलाच नाही. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि विक्रीची दालने उभी राहिली, आणि वीस जणांची पंगत चार जणांवर आली. बुडालेल्या उधारीची कोठेही नोंद नाही. गिरण्यांच्या नुकसानीचे आकडे छापले गेले, कामगारांच्या बुडालेल्या पगाराचेही काही अंदाज झाले. खाणावळवालीचे किती बुडाले हे कोणी विचारलेदेखील नाही.

ज्या तग धरून राहिल्या त्यांनी धंद्याची दिशा बदलली. पंगत गेली, डबा राहिला. बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या कचेरीतल्या मुलांना पोळीभाजी पोहोचू लागली, ज्वारीच्या भाकरीची जागा मऊ चपातीने घेतली, सणासुदीला पुरणपोळ्यांची आणि उकडीच्या मोदकांची मागणी येऊ लागली. आज परळ-लालबागच्या गल्ल्यांत पोळीभाजी केंद्राच्या काउंटरमागे जी मध्यमवयीन स्त्री मोबाइलवर मागण्या उतरवून घेताना दिसते, ती पुष्कळदा त्या जुन्या घरातली सून किंवा नात असते. मागच्या खोलीत ऐंशी ओलांडलेली म्हातारी असली, तर पीठ किती भिजवायचे हे अजून तिलाच विचारले जाते, आणि पैसे फोनवरून येतात की हातात येतात याची चौकशीही ती रोज करते.

या म्हातारीच्या हक्काचा एक प्रश्न अद्याप मोकळा आहे. गिरण्यांच्या जमिनींवरील काही भागात कामगारांसाठी घरे बांधून सोडतीने देण्याचे शासनाने ठरवले, आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते तो कामगार किंवा त्याचा वारस त्यासाठी पात्र धरला. नवरा कामगार असेल तर विधवेला त्याच्या नावाने अर्ज करता येतो. पण जी विधवा होऊनच या धंद्यात आली, जिला नवऱ्याने टाकले, जिचा नवरा त्या तारखेपूर्वीच गिरणीतून बाहेर पडला, तिला हजेरीपटावर जागा नव्हती आणि म्हणून सोडतीतही नाही. गिरणीच्या दप्तरात तिचे नाव कोणत्या खात्यात लिहायचे हे कोणी ठरवलेच नव्हते. अन्नपूर्णा मंडळाच्या कर्जाची नोंद असलेली पासबुके मात्र कित्येक घरांत अजून जपून ठेवलेली आहेत. कोणत्या साली, कोणत्या चाळीत, कोणत्या धंद्यासाठी हे कर्ज दिले याची तारीखवार नोंद त्यांत आहे. हजेरीपटाइतकाच पुरावा म्हणून शासनाने ती ग्राह्य धरावीत, आणि या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्यासाठी ते आत्ताच करावे, कारण त्यांच्यातल्या बहुतेकजणी आता सत्तरीपार आहेत.